मौनाचा अर्थ

'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपल्या घराघरांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते, आणि मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मान खाली घालून बसलेल्या उपवर कन्येच्या निःशब्दतेचा अर्थ वडीलधारी मंडळी इतक्या निश्चिंत मनाने लावून मोकळी होतात, की या वचनाने आपल्या मुलग्यांना स्त्रीविषयी नेमके काय शिकविले, याची चौकशी करण्याचे आपणांस कधी सुचलेच नाही. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री येथून एसटीचा पास काढून जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत येणारी मुले-मुली कित्येकदा येथेच प्रथम मोकळेपणी एकमेकांशी बोलू लागतात. पण विचारावे कसे, आणि नकार मिळाल्यास मागे फिरावे कसे, हे त्यांना घराने सांगितलेले नसते आणि शाळेनेही नाही.

'संमती' हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनाला नवा नाही. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा आगरकरांचा 'सुधारक' एका बाजूस व टिळकांचा 'केसरी' दुसऱ्या बाजूस उभा राहिला आणि महाराष्ट्र ढवळून निघाला. परंतु बालपणी लावलेले लग्न न्यायालयात नाकारणाऱ्या रखमाबाईंसारखा विरळा अपवाद सोडला तर, जिच्या देहाविषयी हा सारा वाद चालला होता, तिला कोणी काही विचारल्याचा दाखला त्या काळाच्या दप्तरात सापडणे कठीण. संमती ही वयाची बाब ठरली, मनाची ठरली नाही.

त्यानंतर शंभर वर्षे उलटली आणि 1994 साली जळगावचे नाव देशभर झाले, ते ज्या कारणाने झाले त्याची आठवण या शहरास आजही नकोशी वाटते. तरुण मुलींना जाळ्यात ओढून, छायाचित्रांचा धाक घालून, त्यांचे शोषण करणाऱ्यांत प्रतिष्ठितांचीही नावे पुढे आली. आणि तपास सुरू झाल्यावर फिर्याद देण्यास फारच थोड्या जणी धजावल्या. त्यांचे मौन ही संमती नव्हती, ती दहशत होती, आणि त्या दहशतीची अर्धी मुद्दल आपण पुरविली होती. कारण गुन्हेगाराहून इभ्रतीला अधिक भिणाऱ्या घरात मुलगी तोंड उघडणार तरी कोणापुढे?

मौन म्हणजे संमती नव्हे, हा धडा कायद्याने फार उशिरा गिरविला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत या मुद्द्यास मोठे वजन देऊन, सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून शरणागती व संमती यांतील भेद दाखवून दिला. तो भेद 2013 च्या दुरुस्तीने दंडसंहितेत स्पष्ट शब्दांत उतरला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या 63 व्या कलमात तो कायम आहे: संमती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची हवी, शब्दांनी वा खुणेने व्यक्त झालेली हवी, आणि स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती गृहीत धरता येत नाही. आपल्या जुन्या वचनास कायद्याने दिलेले हे उत्तर किती विद्यार्थ्यांच्या कानांवर गेले आहे?

महाविद्यालयांत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 'विशाखा समिती' असते, तिच्या सदस्यांची यादी सूचनाफलकावर असते, युवतीसभेत मुलींना सावध राहण्याचे व स्वसंरक्षणाचे धडे मिळतात. हे सारे आवश्यक आहे. पण यात मुलगा कोठे आहे? ज्याला शिकवायचे तो व्याख्यान चालू असता दाराबाहेर उभा असतो. त्याला सांगायला हवे की तिने वही दिली, कॅन्टीनमध्ये सोबत चहा घेतला, मोबाईलचा क्रमांक दिला, याचा अर्थ तेवढाच. काल दिलेला होकार आज परत घेता येतो. विश्वासाने पाठविलेले खासगी क्षणाचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून दुसऱ्यास दाखविणे हा गुन्हा आहे. आणि अंतर्गत गुण किंवा पीएच.डी.चा प्रबंध ज्याच्या हाती आहे, अशा प्राध्यापकापुढे विद्यार्थिनीचा होकार निर्भय असतोच असे नाही, हे तर प्राध्यापकांनाही ऐकवायला हवे.

अशा शिक्षणाने संस्कार बुडतील, असे म्हणणाऱ्यांना अमळनेरच्या प्रताप हायस्कुलाची आठवण द्यावीशी वाटते. तेथे 1924 ते 1930 या काळात साने गुरुजींनी शिकविले, वसतिगृह सांभाळले आणि मुलांची कामे स्वतः करून त्यांना हळुवारपणा शिकविला. दुसऱ्याचे मन जाणणे हा मुलग्याच्या शिक्षणाचा भाग आहे, ही गोष्ट खानदेशास कोणी बाहेरून आणून द्यावयाची नाही. बहिणाबाईंचे नाव अभिमानाने मिरविणाऱ्या आपल्या विद्यापीठाने हा विषय पहिल्या सत्राच्या वेळापत्रकात घालावा, मुलामुलींना एकत्र बसवून शिकवावा, आणि गरज तेथे अहिराणीत समजावून सांगावा. मात्र या तासिका सकाळच्याच असाव्यात; दुपारनंतर ठेवलेल्या कार्यक्रमातून गावाकडची मुले एसटी चुकू नये म्हणून अर्ध्यावरच उठून जातात.