गंधसरू आणि अंगणांतला निंब

शास्त्रवाचनाच्या तासाला ‘लबानोनाचा गंधसरू’ हे शब्द आले कीं वर्गांतील एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, “सर, गंधसरू म्हणजे कोणतें झाड?” हा प्रश्न मला आवडतो. ज्या झाडाचें नांव आपण पन्नास वेळां उच्चारतों, त्याचें रूप एकदांही डोळ्यांपुढें आणीत नाहीं, ही आपली जुनी खोड आहे. मी सांगतों कीं, आपल्या हिमालयांतील देवदार हा त्याचा सख्खा भाऊ. तेव्हां मागच्या बाकावरून हटकून आवाज येतो, “म्हणजे खोक्याचें लांकूड!” आणि वर्ग हंसतो.

हंसणाऱ्या मुलांचा दोष नाहीं. खोक्यांच्या हलक्या फळ्यांस सरसकट ‘देवदारी’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघातच पडला आहे. त्या बहुधा दुसऱ्याच एखाद्या सूचिपर्णी झाडाच्या असतात. खऱ्या देवदाराचें लांकूड सुवासिक व तेलकट असून कीड व कूज त्यास सहसा शिवत नाहींत. काश्मिरांतील जुने पूल व तरतीं घरें याच लांकडाचीं. एकोणिसाव्या शतकांत लोहमार्ग पसरूं लागले, तेव्हां रुळांखालीं घालण्यासाठीं हिमालयांतील देवदार बेसुमार तुटला. नांवाची फोडही पाहण्यासारखी आहे: देव आणि दारु, म्हणजे देवाचें लांकूड. तें नांव आपण खोक्याला दिलें!

लबानोनाच्या गंधसरूची कथा याहून जुनी आहे. मिसर देशांतील खुफू राजाच्या थोरल्या पिरॅमिडाजवळ १९५४ सालीं जमिनींत पुरलेली एक नौका सांपडली. ती सुमारे ४३ मीटर लांब असून मुख्यत्वें गंधसरूच्या फळ्यांची आहे. तिचें वय साडेचार हजार वर्षांच्या घरांत जातें. पुढें शलमोनानें मंदिर बांधावयास घेतलें, तेव्हां सोरेचा राजा हीराम याजकडून त्यानें हेंच लांकूड मागविलें, आणि दरमहा दहा हजार माणसें पाळीपाळीनें लबानोनांत पाठविलीं, असें पहिल्या राजांच्या पुस्तकांत नमूद आहे. त्याच पुस्तकांत शलमोनाविषयीं असेंही सांगितलें आहे कीं, लबानोनावरील गंधसरूपासून भिंतीवर उगवणाऱ्या एजोबापर्यंत सर्व वनस्पतींचें त्यास ज्ञान होतें. म्हणजे ज्यास झाडाची थोरवी ठाऊक होती, त्याच्याच कामासाठीं तें तुटलें. माझा आजचा मुद्दा येथेंच आहे: नुसत्या स्तुतीनें झाड वांचत नाहीं, पुष्कळदां स्तुतीनेंच तें मरतें.

झाड वांचतें तें राखणीनें. दुसऱ्या शतकांत हेड्रिअन बादशहानें लबानोनांतील खडकांवर लेख कोरवून वृक्षांच्या चार जाती राखीव ठरविल्या. त्या लेखांपैकीं सुमारे दोनशे आजही ज्ञात आहेत. १८७६ सालीं बशर्री गांवाजवळच्या उरल्यासुरल्या राईभोवतीं शेळ्यांपासून रक्षण व्हावें म्हणून दगडी भिंत घालण्यांत आली. तिचा खर्च व्हिक्टोरिया राणीनें दिला. १९४३ पासून हा वृक्ष त्या देशाच्या निशाणावर आहे, आणि १९९८ सालीं युनेस्कोनें त्या राईची जागतिक वारशांत गणना केली. परंतु आतां एक नवा शत्रू उभा आहे, आणि त्यास भिंत अडवूं शकत नाहीं. हवा तापत चालली, बर्फ कमी पडूं लागलें. या झाडाच्या बियांस रुजण्यापूर्वीं थंडी व ओल यांचा सहवास लागतो, आणि वितळणाऱ्या बर्फाचें पाणी कोंवळ्या रोपांचा आधार असतें. तन्नूरीनच्या वनांत तर गेल्या शतकाच्या अखेरीस एका किड्याच्या अळ्यांनीं झाडांचीं पानें फस्त केलीं. थंडी व ओल घटली कीं या किड्याचें फावतें.

असें हें झाड वाढविणें म्हणजे सबुरीची शाळाच होय. त्यास भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन हवी. मुळांशीं सांचलेलें पाणी त्यास मुळींच सोसत नाहीं. याचे शंकू फांदीवर ताठ उभे असतात. ते पिकावयास वर्षाहून अधिक काळ लागतो, आणि पिकल्यावरही ते अखंड गळून पडत नाहींत. झाडावरच खवला खवला सुटून वाऱ्याबरोबर पंखधारी बीं उधळतात. लबानोनाचा गंधसरू तारुण्यांत निमुळता असतो. म्हातारपणीं मात्र त्याच्या फांद्या आडव्या पसरून मजल्यांवर मजले चढल्यासारखा दिसतो. बीं धरावयास त्यास चाळीसएक वर्षें लागतात. माझी चाळिशी उलटली आहे. या वयाचा गंधसरू नुकताच प्रथम शंकू धरूं लागलेला असतो, हा विचार मला पुष्कळदां नम्र करतो.

आतां माझ्या एका चुकीची हकीकत सांगणें भाग आहे. बारा वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत मी सिमल्यास गेलों होतों. तेथील देवदार पाहून मन इतकें भारलें कीं, हातभर उंचीचें एक रोप विकत घेऊन मीं तें आमच्या या पठारी गांवीं आणिलें आणि शाळेच्या अंगणांत दर्शनी जागीं लाविलें. देवदाराचा कोंवळा शेंडा स्वभावतःच लवलेला असतो, हें मला ठाऊक नव्हतें. मीं तो काठीस ताठ बांधला. पानें पिवळीं पडूं लागलीं, तेव्हां मीं पाणी वाढवावयास सांगितलें. काळ्या मातींत पाणी सांचून मुळें कुजलीं, आणि दुसरा उन्हाळा येण्यापूर्वींच रोप गेलें. पाणी घालण्याचें काम ज्या मुलाकडे होतें, तो पुष्कळ दिवस स्वतःस दोषी समजत असे. दोष त्याचा नव्हता, माझा होता. मला तें झाड नको होतें, त्याची शोभा हवी होती. हें मीं त्यास तेव्हां सांगितलें नाहीं. तो आतां मोठा झाला आहे. हा अंक त्याच्या हातीं पडला, तर त्यानें मला क्षमा करावी.

याहूनही लाजेची गोष्ट अशी कीं, त्या रोपापासून दहा पावलांवर एक जुना कडुनिंब उभा होता व अजून आहे. त्याच्या बुंध्यांत सूचनांच्या पाट्यांसाठीं ठोकलेले खिळे आहेत, आणि मुळांभोवतीं सिमेंटचा पार असा आवळला आहे कीं पावसाचें पाणी आंत झिरपत नाहीं. परक्या पाहुण्यास आम्हीं पाणी पाजून मारिलें, आणि घरच्या वडिलांस तहानेलें ठेविलें!

कोणी म्हणेल, मग ज्या झाडाला आपल्याकडे थारा नाहीं, त्याच्या वर्णनाचा आम्हांस काय उपयोग? मला वाटतें, उपयोग मोठा आहे. प्रेम करावयास मालकी लागत नाहीं. कालिदासाच्या रघुवंशांत एका देवदाराची कथा आहे. शंकरानें त्यास पुत्र मानिलें होतें, आणि पार्वतीनें पाणी घालून तो वाढविला होता. एका रानहत्तीनें अंग घासून त्याची साल काढिली, तेव्हां तिला पोटच्या मुलास जखम झाल्याइतकें दुःख झालें, आणि पुढें त्याच्या राखणीस सिंह बसविण्यांत आला. कथा कोणत्याही धर्माची असो, तिचा बोध सर्वांनीं घेण्याजोगा आहे: झाडाची एक साल सुटली तरी ज्याच्या जिवाला लागतें, तोच खरा वृक्षप्रेमी.

१९५० सालीं आपल्या देशांत वनमहोत्सव सुरू झाला, तेव्हांपासून दर पावसाळ्यांत शाळाशाळांतून रोपें लाविलीं जातात. हेतु स्तुत्य आहे. परंतु आपण मोजतों तें लावण्याच्या दिवशीं. मोजावयास हवें तिसऱ्या उन्हाळ्यानंतर. यास्तव माझी सूचना अशी कीं, यंदा आपण शंभर खड्डे खणूं नयेत. दहाच खणावे, आपल्या मातीचीं झाडें निवडावीं, आणि एकेक झाड एकेका वर्गाकडे शाळा सोडीपर्यंत सोंपवावें. आणि त्याही आधीं निंबाचे खिळे काढावे व पाराचा सिमेंट फोडून मुळांस मोकळी माती द्यावी. खिळे काढण्याची पक्कड मी घरून आणीन. विद्यार्थिमित्रहो, येत्या शनिवारीं शाळा सुटल्यावर कोण कोण थांबणार, तें मला सांगा.