बाजाराला विचारून घर विकू नका!



कोलकात्यात नोकरी करून सेवानिवृत्त झालेल्या मराठी कामगारांपुढे आज एक अवघड प्रश्न उभा आहे. नागपूर विभाग २००३ पर्यंत दक्षिण पूर्व रेल्वेत होता आणि त्या रेल्वेचे मुख्यालय गार्डनरीचला. त्यामुळे नागपूर-गोंदियाकडचे कितीतरी कर्मचारी बदलीवर कोलकात्याला गेले आणि तिथलेच झाले. सेवानिवृत्तीनंतर नेहमीच्या भाड्याने क्वार्टर चारच महिने ठेवता येते. म्हणून फंडातून पैसे काढून, सोसायटीचे कर्ज घेऊन बेहाला, खिदिरपूर, सांत्रागाछी अशा भागांत दोन खोल्यांचा फ्लॅट केला. आता मुले पुण्याला नाहीतर नागपूरला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे साथ देत नाहीत. फ्लॅट विकावा की ठेवावा? बाजाराचा तर काहीच भरवसा नाही.

अशा वेळी सल्ला देणारे दोन तऱ्हेचे लोक भेटतात. एक म्हणतो, "दादा, आत्ताच विका, भाव पडणार." दुसरा म्हणतो, "थांबा, मेट्रो येऊ द्या, भाव दुप्पट होईल." दोघेही छातीठोकपणे बोलतात. माझे म्हणणे असे की दोघांचेही ऐकू नका.

पहिल्याचा धंदा पाहा. पश्चिम बंगाल सरकारने जुलै २०२१ पासून मुद्रांक शुल्कात दोन टक्के सवलत दिली, ती मुदती वाढवत वाढवत जून २०२४ अखेर बंद केली. सवलत होती तेव्हा दलाल सांगत होते, "सवलत संपायच्या आत विका." संपल्यावर सांगू लागले, "आता गिऱ्हाईक मिळणार नाही, मिळेल त्या भावाला विका." म्हणजे ऊन पडो की पाऊस, यांची छत्री विकली गेलीच पाहिजे! दलालाला भावाशी देणेघेणे नसते, व्यवहार होण्याशी असते. तुमचा फ्लॅट दोन लाखांनी कमी गेला तर त्याच्या दलालीत फरक पडतो तो दोन-चार हजारांचा. तुमचा मात्र म्हातारपणचा आधार जातो.

दुसऱ्याचे आश्वासनही तपासून घ्या. बेहाल्यावरून जाणाऱ्या जोका मेट्रोची पायाभरणी २०१० मध्ये त्या वेळच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाली. पहिली गाडी धावली ३० डिसेंबर २०२२ रोजी, तीही जोका ते तारातला एवढीच. बारा वर्षे गेली! जो साठाव्या वर्षी मेट्रोच्या भरवशावर थांबला, तो बहात्तर वर्षांचा झाला. मेट्रो चांगलीच आहे, पण तिच्या वेळापत्रकावर आपले म्हातारपण बांधून ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

कामगाराचे घर म्हणजे शेअर नव्हे, की आज घेतला, उद्या फुंकला. बाजार आपल्या गरजेप्रमाणे चालत नाही, मग आपण बाजाराच्या लहरीप्रमाणे का चालावे? त्या घरात तुम्ही किंवा तुमचे कोणी पुढची पाच वर्षे राहणार आहे का? असेल तर भाव चढो की उतरो, विकू नका. नसेल, आणि जायचे ठिकाण पक्के असेल, तर पेन्सिल घेऊन हिशेबाला बसा.

समजा, २००६-०७ मध्ये १२ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये ४२ लाखांना विकला. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने महागाईची वजावट काढून टाकली होती. त्या हिशेबाने ३० लाख नफा धरून साडेबारा टक्क्यांनी ३ लाख ७५ हजार कर होतो. देशभर ओरड झाली, तेव्हा सरकारने ऑगस्टमध्ये माघार घेऊन जुन्या घरांसाठी दोन्हीपैकी एक पद्धत निवडण्याची मुभा दिली. महागाई निर्देशांकाने १२ लाखांचे सुमारे ३७ लाख धरले जातात, नफा ५ लाखांवर येतो आणि २० टक्क्यांनी कर होतो सुमारे १ लाख. ओरड केली म्हणून पावणेतीन लाख वाचले, हे विसरू नका. शिवाय विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले तर त्यात घातलेल्या नफ्यावर कर लागत नाही.

आता दुसरी बाजू. तोच फ्लॅट महिना १० हजार भाड्याने दिला तर वर्षाला १ लाख २० हजार, त्यातून पालिकेचा कर आणि दुरुस्ती. उलट आपल्याच डाक बंधूंच्या खिडकीवर ज्येष्ठ नागरिक योजनेत २०२३ पासून ३० लाख ठेवता येतात. २०२५ मध्ये व्याज ८.२ टक्के होते, म्हणजे तिमाहीला ६१ हजार ५००. पण मुद्दल वाढत नाही आणि महागाई थांबत नाही, हेही त्याच कागदावर लिहा.

खरी अनिश्चितता बाजारात कमी आणि कागदांत जास्त असते. कोलकात्यात छोटा प्रोमोटर घरमालकाशी करार करून इमारत उठवतो, फ्लॅट विकतो आणि निघून जातो. पूर्णत्वाचा दाखला नाही, महापालिकेच्या दप्तरी नाव चढलेले नाही. मग गिऱ्हाइकाला बँक कर्ज नाकारते आणि रोकडवाला तुम्हाला लाखांनी खाली ओढतो. १७ मार्च २०२४ च्या रात्री गार्डनरीचमध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा पाच मजली इमारत शेजारच्या वस्तीवर कोसळली आणि दहाहून अधिक माणसे मेली. त्यानंतर मंजूर नकाशा मागणाऱ्याला कोण नावे ठेवील? म्हणून विकायचे असो वा नसो, कागद आजच पुरे करा.

आणि उभे घर विकून माहितीपत्रकातले घर कधीही घेऊ नका. पश्चिम बंगालने केंद्राचा रेरा कायदा बाजूला ठेवून २०१७ मध्ये स्वतःचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो ४ मे २०२१ रोजी रद्द केला. कायदा कोणता लागू, याचा निकाल लागेपर्यंत घेणारा चार वर्षे मध्येच लटकला.

गिरणगावातल्या खोल्या घाईने विकून मुंबईबाहेर गेलेल्यांचे पुढे काय झाले, ते आपण पाहिले आहे. तिथेही कामगार एकेकटा गाठला गेला. एकटा माणूस दलालाच्या समोर बसतो तेव्हा त्याची भीती हेच दलालाचे भांडवल असते. म्हणून प्रत्येक शाखेने सेवानिवृत्तांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ ठेवावी. तिथे एक वकील, एक कर समजणारा माणूस आणि नुकताच व्यवहार केलेला एखादा जुना साथी असावा. सही करण्यापूर्वी कागद तिथे यावेत, आणि सोबत घरची बाईही यावी, कारण ते घर तिचेही आहे. पगाराच्या वाटाघाटीला आपण एकटे जात नाही. आयुष्याच्या कमाईच्या वाटाघाटीलाही एकटे जायचे नाही!