सरासरीच्या नावानं चांगभलं!

‘आमचं सरासरी मानधन लेखाला चार हजार आहे,’ एक संपादक परवा मला म्हणाले. माझ्या हातात पडतात दोन हजार. म्हणजे मी सरासरीच्या निम्मी? दोन दिवस जाम मूड ऑफ!

शेवटी तिथेच लिहिणाऱ्या चौघांना फोन करून आकडे विचारले. माझ्यासकट पाच जण : १५००, १८००, २०००, २२०० आणि टीव्हीवर झळकणाऱ्या एकाचे १२,५००. भागाकार केला. सरासरी बरोब्बर चार हजार!

‘अगं, तुला अॅव्हरेज नकोय, मीडियन हवाय,’ रूममेट म्हणाली. ती दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसते. आकडे चढत्या क्रमानं लावायचे, मधला उचलायचा. मधला कुणाचा? माझाच!

पाच आकडे हातानं जमतात. तिच्या ऑफिसात लाखो असतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बेरीज, सरासरी तयार मिळते. तितक्याच सरळपणे वापरता येईल असा नेमका मीडियन नाही. मग तो सी शार्पमध्ये स्वतः लिहायचा. ही सोय २००५ च्या आवृत्तीपासून आहे. याला म्हणतात मॅनेज्ड कोड, म्हणजे मेमरीची आवराआवर डॉट नेट बघतं.

फंडा सोसायटीच्या गणपती वर्गणीसारखा. ‘इनिट’ : कोरं पावतीपुस्तक. ‘अॅक्युम्युलेट’ : बेल वाजवा, आकडा लिहा. ‘मर्ज’ : ए आणि बी विंगच्या टोळ्यांनी पुस्तकं एकत्र करायची, कारण मोठं काम सर्व्हरही असंच वाटून देतो. ‘टर्मिनेट’ : शेवटचा आकडा जाहीर.

खरी गोम ‘मर्ज’मध्ये आहे. सरासरीसाठी दोन्ही टोळ्यांनी आपली बेरीज आणि घरांची संख्या सांगितली की काम झालं. पण दोन विंगचे दोन मधले आकडे घेऊन अख्ख्या सोसायटीचा मधला निघत नाही. त्यासाठी प्रत्येक घराचा आकडा शेवटपर्यंत सांभाळावा लागतो. २००५ च्या आवृत्तीत या सामानाला ८००० बाइट्सचीच जागा होती. २००८ च्या आवृत्तीत ती २ जीबीपर्यंत गेली.

मी संपादकांना फोन लावला. ‘सर, सरासरी राहू दे, मधला आकडा सांगा ना.’ पलीकडे शांतता.

मानधन अजून दोन हजारच आहे. पण आपण निम्मे असल्याचं टेन्शन गेलं, आणि वाढ मागायला तोंडही आलं. तुमचं अप्रेझल जवळ आलंय ना? ‘टीमचं सरासरी इन्क्रिमेंट’ कानावर पडलं, की बिनधास्त मधला आकडा विचारा!