खोक्यांतून आलेली सायकल

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां सायकलींच्या छपराखालीं कांहीं नवीन सायकली आमच्या दृष्टीस पडल्या. चौकशी करतां असें समजलें कीं, त्यांपैकीं बहुतेक गांवांतील दुकानांतून घेतलेल्या नसून मोबाईलच्या पडद्यावर चित्र पाहून मागविलेल्या व पुठ्ठ्याच्या खोक्यांत बंद होऊन घरपोंच आलेल्या होत्या. एकीचें हँडल चाकाच्या रेषेंत नव्हतें. दुसरीच्या पुढच्या ब्रेकची तार सुटलेली होती. आणि तिसरीचा, पुढचें चाक धरून ठेवणारा चिमटा चक्क उलटा, म्हणजे मागें वांक करून, बसलेला होता. या तिसऱ्या सायकलीचा धनी, इयत्ता सातवींतील एक विद्यार्थी, शाळेपुढील उतार मोठ्या ऐटीनें उतरून आला होता! तें पाहून आमच्या मनांत जे विचार आले, ते आमचे विद्यार्थी व त्यांची वडील मंडळी यांच्यापुढें ठेवावे, एवढ्यासाठींच हा लेख.

या बाबतींत दोन मतें आपल्या कानीं पडतात. वडील माणसें म्हणतात, जी वस्तु हातांत धरून पाहिली नाहीं ती विकत घेऊंच नये. तरुण मंडळी म्हणते, दुकानापेक्षां चार पैसे स्वस्त, रंग हवा तो, आणि शिवाय जाण्यायेण्याचा त्रास नाहीं. मग घेऊं नये कां? आमचें मत या दोहोंहून निराळें आहे. दूरून सायकल मागविण्यांत कांहींएक दोष नाहीं. परंतु त्या खोक्यांतून जी निघते ती सायकल नव्हे, तें सायकलीचें साहित्य होय. त्या साहित्याची सायकल करणें हें काम विकणारानें आपल्या अंगावर टाकलेलें असतें. तें काम मुलामुलींनीं वडिलांच्या देखत आपल्या हातांनीं करावें. आणि जाणत्या कारागिरानें तपासल्यावांचून त्या सायकलीवर पाय टाकूं नये.

दूरून आलेली सायकल ही आपल्या प्रांतास नवी नाहीं. इ. स. १८८८ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामूअण्णा यांनीं बेळगांवास सायकलींचा व्यवसाय सुरू केला, तेव्हां सायकली विलायतेहून येत. त्या विकणें, दुरुस्त करणें आणि गिऱ्हाइकांस बसावयास शिकविणें, हीं सर्व कामें हे बंधु करीत. म्हणजे वस्तु दूरची असली, तरी ती ओळखणारा हात जवळचा होता. त्याच हातांनीं पुढें लोखंडी नांगर घडविले, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडीच्या माळावर कारखाना उभा राहिला. अमेरिकेंतील राइट बंधूंचीही गोष्ट अशीच. १८९२ सालीं डेटन गांवीं त्यांनीं सायकलींचें दुकान काढलें. आणि १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें जें विमान उडालें, त्याचे पंखे सायकलीप्रमाणेंच साखळी व दांतेरी चाकें यांनीं फिरविलेले होते. सायकल जोडणारा प्रत्येक मुलगा कारखानदार होईल असें आमचें म्हणणें नाहीं. यंत्राला भिऊन दूर राहणारा व यंत्र उघडून पाहणारा यांच्यांत पुढें फार अंतर पडतें, एवढेंच सांगावयाचें आहे.

आतां खरेदीविषयीं. बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा जो दृष्टांत प्रभूनें सांगितला, तो पडद्यावरील बटण दाबण्यापूर्वीं अवश्य आठवावा. पडद्यावर दिसते ती पहिली किंमत होय, शेवटची नव्हे. तिच्यांत कुलूप, घंटा, हवेचा पंप, दिवा व कारागिराची मजुरी मिळवावी, आणि मग गांवांतील दुकानदारानें सांगितलेल्या किंमतीशीं ताडून पाहावी. पुष्कळ वेळां फरक इतका थोडा उरतो कीं, दुकानांतून घेणेंच शहाणपणाचें ठरतें. दूरून घेण्याचेंच ठरलें, तर दिखाऊपणास भुलूं नये. पांच-सहा हजार रुपयांत एकवीस गिअर, पुढें धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा, दोहों चाकांस चकतीचे ब्रेक आणि भडक रंग, इतकें सर्व मिळूं लागलें, तर त्यांतील प्रत्येक वस्तूच्या वांट्यास किती पैसा आला असेल, याचा हिशेब इयत्ता पांचवीचा मुलगाही करूं शकेल. अशा स्प्रिंगा बहुधा वजन वाढवितात, आणि हलके गिअर वारंवार बिघडतात. तेवढ्याच पैशांत एकाच वेगाची, साध्या ब्रेकची, मजबूत सायकल मिळते व ती पुष्कळ वर्षें टिकते. मापाविषयीं म्हणाल तर, पुढें मुलगा वाढेल म्हणून मोठी सायकल घेऊं नये. दांड्यावर उभें राहतां दोन्ही पाय जमिनीस पुरते टेकत नसतील, तर ती सायकल त्या मुलाची नव्हे.

येथवर आम्हीं शिक्षकाच्या अधिकारानें लिहिलें. पुढील मजकूर मात्र विद्यार्थ्याच्या नम्रतेनें लिहावा लागत आहे. गेल्या वर्षीं आमच्या कन्येसाठीं आम्हीं अशीच एक सायकल मागविली. घरापासून तिची शाळा साडेतीन किलोमीटर, आणि बसची वेळ कधींच जमत नसे. किंमत सहा हजारांच्या आंत होती. ‘पंच्याऐंशी टक्के जोडलेली’ असें विकणारानें लिहिलें होतें, आणि तें खोटें नव्हतें. परंतु उरलेले पंधरा टक्के कोणते? पुढचें चाक, पुढचा ब्रेक, हँडल, बैठक आणि पेडल! ज्या पंधरा टक्क्यांवर मुलाचा जीव अवलंबून, तेवढेच पंधरा टक्के आमच्याकडे सोंपविलेले होते. सोबत तळहाताएवढा एक कागद होता. त्यावरील चित्र दुसऱ्याच सायकलीचें होतें.

आम्ही आठव्या इयत्तेस स्क्रूचे आटे शिकवितों. तेव्हां हें काम आम्हांस अवघड काय, अशा डौलांत आम्ही ओसरीवर पाना घेऊन बसलों. उजवें पेडल सुरळीत बसलें. डावें कांहीं केल्या आंत जाईना. कन्या जवळच बसली होती. ती म्हणाली, “बाबा, ह्याच्यावर ‘एल’ असं अक्षर कोरलंय. ते कशासाठी?” आम्हीं म्हटलें, “आधीं बसूं दे, मग पाहूं,” आणि पाना सर्व बळानिशीं फिरविला. पेडल थोडें आंत शिरलें व तिरकें अडकलें. आणि ज्या दांड्यास तें बसावयाचें, त्याचे आटे कुरतडले गेले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवें पेडल घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें, तर डावें त्याच्या उलट दिशेनें घट्ट होतें. चालवितांना तें सैल होऊं नये म्हणून ही योजना केलेली आहे. ‘एल’ हें अक्षर तेंच सांगत होतें. मुलीला तें दिसलें आणि मास्तरांना दिसलें नाहीं!

संध्याकाळीं ती सायकल ढकलीत आम्ही कोपऱ्यावरील मिस्त्रीकडे नेली. त्यांचें दुकान म्हणजे एक पत्रा, एक पंप आणि पाण्याचें एक घमेलें. त्यांनीं प्रथम पुढचें चाक आपल्या दोन गुडघ्यांत धरलें व हँडल फिरवून पाहिलें. चाक जागचें हललें नाहीं, हँडल मात्र वळलें! पुढच्या ब्रेकचें रबर लोखंडी कडेस लागावयाचें, तें टायरलाच घासत होतें. कांहीं दिवसांत टायर फाटला असता. आमच्या कन्येला त्याच सायंकाळीं मैत्रिणींना नवी सायकल दाखवावयाची होती. वाटेंत रेल्वेच्या फाटकाकडील उतार आहे. पुढें काय झालें असतें, हें लिहिण्याची आम्हांस इच्छा नाहीं. मिस्त्रींनीं आम्हांस हंसून घेतलें नाहीं. ते इतकेंच म्हणाले, “सर, चाक फिरलं म्हणजे सायकल झाली असं नाही. थांबली, म्हणजे सायकल झाली.” आमच्या पदवीच्या सर्व वर्षांत इतकें नेमकें वाक्य आम्हीं क्वचितच ऐकलें असेल.

त्या दिवशीं मिस्त्रींनीं जें शिकविलें, तें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. चिमट्याचा वांक नेहमीं पुढें असावा. हँडलच्या व बैठकीच्या दांड्यांवर एक मर्यादेची खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसूं लागेल इतका दांडा वर ओढूं नये. बैठकीवर बसून टांच खालच्या पेडलवर ठेविली असतां पाय सरळ व्हावा, इतकी बैठक उंच असावी. टायरच्या बाजूवर हवेचें प्रमाण छापलेलें असतें, तेवढीच हवा भरावी. जेथें आटे, तेथें आधीं थोडें ग्रीस लावावें आणि पहिले दोन-तीन वेढे बोटांनींच द्यावे. बोटांनीं जें आंत जात नाहीं, तें पान्यानें ढकलूं नये. आणि पहिले पन्नासएक किलोमीटर झाल्यावर सर्व नट पुन्हां आंवळावे व ब्रेकच्या तारा तपासाव्या. कारण नवीं तार कांहीं दिवसांत सैल पडते.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली ही कीं, खोकें उघडतांना छायाचित्रें घ्यावीं आणि सायकल पुरती तपासून होईपर्यंत खोकें व पावती जपून ठेवावीं. माल सदोष असला किंवा वर्णनाप्रमाणें नसला, तर तो परत घेण्यास विकणारास नकार देतां येत नाहीं; ई-वाणिज्यासंबंधींच्या २०२० सालच्या ग्राहक संरक्षण नियमांत तसें स्पष्ट आहे. तक्रारीची पोंच अठ्ठेचाळीस तासांत आणि तिचा निकाल एका महिन्यांत मिळावा, असेंही त्या नियमांत आहे. दाद न लागल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार करतां येते. आपल्याच हातून मोडलेल्या वस्तूचा दोष मात्र विकणारावर घालूं नये. आमच्या कुरतडलेल्या आट्यांचा भुर्दंड आम्हींच भरला, आणि तो रास्तच होता.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. ज्याच्या गांवांत राहून आपण सायकल त्याच्याकडून घेतली नाहीं, त्याच्याकडेच ती नीट करण्यास आपण नेतों. अशा वेळीं त्याच्या मजुरींत घासाघीस करणें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. ज्या प्रभूचें नांव आपल्या शाळेंत रोज सकाळीं घेतलें जातें, तो एका सुताराच्या घरीं वाढला, आणि हत्याराचें वजन त्याच्या हातांस ठाऊक होतें. तेव्हां आपल्या मुलांदेखत कारागिराशीं आदरानें बोलावें. त्यानें सांगितलेली मजुरी रास्त असेल, तर ती हंसतमुखानें द्यावी.

आतां त्या उलट्या चिमट्याच्या सायकलीविषयीं. त्या विद्यार्थ्यास आम्हीं त्याच दिवशीं फाटकांत थांबविलें व सायकल ढकलीत घरीं नेण्यास सांगितलें. त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, “सर, बाबांनी रात्रपाळीहून येऊन, न झोपता जोडली आहे.” हे शब्द आम्ही विसरूं शकत नाहीं. त्या बापाच्या कामांत प्रेमाची उणीव नव्हती. उणीव होती ती माहितीची, आणि ती उणीव तर आमच्याही ठायीं होती. दुसऱ्या दिवशीं पितापुत्र दोघेही मिस्त्रींच्या पत्र्याखालीं बसलेले आम्हीं पाहिले. मिस्त्रींनीं हात लाविला नाहीं. ते नुसतें बोटानें दाखवीत होते, आणि पाना मुलाच्या हातांत होता. प्रेमानें घेतलेली वस्तु ज्ञानानें वापरावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.