चकाकी चपडीत नाही, घासण्यात आहे



आमच्या सासूबाईंचा स्वाध्यायाचा चौरंग सागवानी आहे. दिव्याच्या तेलाचे डाग, केशराचे ठिपके, नातवाच्या कर्कटकाची टोके, सगळे त्यावर जमा झाले होते. दिवाळीनंतर सूनबाई म्हणाली, "आई, पॉलिश तरी करून घेऊ या." सुतारकाका आले, बोट फिरवले आणि म्हणाले, "ताई, वरवर पेपर मारतो, चपडीचे चार हात देतो. आरसा होईल बघा."

माझा आक्षेप दोन्हीला होता, वरवरच्या पेपरला आणि चपडीलाही.

चपडी म्हणजे लाख. कुसुम, पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर किड्यांनी तयार केलेले कवच खरवडून, धुऊन, वितळवून ती बनते, आणि त्यात असंख्य जीव जातात. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळायच्या १५ व्यापारांत लाक्षावाणिज्य आहे. आपण लाखेचा व्यापार करत नाही हे खरे, पण ज्या चौरंगावर शास्त्र ठेवून अहिंसा वाचायची, त्यालाच लाख चोपडायची हे माझ्या मनाला पटत नाही. (सासूबाईंच्या काळी त्याला चपडीच लावली असणार. तेव्हा कोणी विचारले नाही, मीही नाही.)

सूनबाईचे म्हणणे, मग पीयू किंवा मेलामाइन लावू, त्यात लाख नसते. बरोबर आहे. पण लाकूड नीट घासलेले नसेल, तर वरचा थर जितका चकचकीत, तितके खालचे ओरखडे जास्त दिसतात. आणि नीट घासलेले असेल, तर एवढ्या जाड थराची गरजच काय?

हे मी पूर्वी एक पाट बिघडवून शिकले. ८० नंबरचा पेपर मारला आणि कंटाळून थेट २२० वर उडी घेतली, तीही आडवी-तिडवी. कोरडा असताना पाट छान दिसला. तेलाचा हात फिरवताच सगळे ओरखडे उमटले. प्रत्येक नंबरचा पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे काढत असतो. मधला टप्पा गाळला की खोल चरे तसेच राहतात. मी बी.कॉम., त्यामुळे मला ते मागची शिल्लक पुढे ओढल्यासारखे वाटते.

या वेळी आधी मऊ ब्रशने चौरंगाच्या सांधी झाडल्या, कोळी-मुंगी असेल तर जाऊ द्यावी म्हणून. लाकडाच्या भोकांतून ताजी पूड पडत असती, म्हणजे आत घुणकिडा जिवंत असता, तर मी हातच लावला नसता. मग ८०, १२०, १८०, २२०, असे क्रमाने. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रेषांच्या दिशेनेच. बोटांनी दाबून घासले की खड्डे पडतात. प्रत्येक नंबरानंतर धूळ पुसायची आणि खोलीत अंधार करून बॅटरी आडवी धरायची. राहिलेला ओरखडा लगेच सावली पाडतो. १८० नंतर ओल्या फडक्याने पुसून वाळू दिले. पाण्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, ते २२० ने निघून जातात. जुन्या पॉलिशने पहिले पेपर लगेच चिकटून भरले, तेवढे जास्त लागले.

तोंडाला मास्क मात्र बांधाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे. आणि हे काम चातुर्मासात काढू नका. हवा दमट, लाकूड फुगलेले, वर जीवजंतूही जास्त.

तीन दुपारी गेल्या. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले, प्रत्येक वेळी जास्तीचे तेल पुसून. ते फडके चुरगळून टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मी दोरीवर पसरून वाळवले.

परवा काका दुसऱ्या कामाला आले होते. चौरंगावरून दोनदा हात फिरवला आणि विचारले, "कुठल्या नंबरपर्यंत गेलात ताई?" आरसा काही झाला नाही, हेही ऐकवलेच.