हौसेचे मोल कोणी द्यावयाचे?

“गाडी माझी, पैसा माझा, मग तिचे दार बाजूला उघडावे की वर, हे ठरविणारे सरकार कोण?” असा प्रश्न प्रस्तुत लेखकास वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारला. विषय होता बाजारात मिळणाऱ्या बिजागरी-संचाचा. हा संच बसविला की साध्या मोटारीचे दार विदेशी शर्यती मोटारीप्रमाणे कात्रीसारखे वर उचलले जाते. कोरपना तालुक्यात सिमेंट कारखान्यांतील पगार आणि खाणींत गेलेल्या जमिनींचा मोबदला यांमुळे मोटार ही आता अपूर्वाईची वस्तू उरलेली नाही; साहजिकच आपली मोटार चारचौघींहून वेगळी दिसावी, ही इच्छा बळावली आहे. तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

वर उघडणारे दार मुळात हौसेतून जन्माला आले नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या मोटारीचा सांगाडा नळ्यांचा होता आणि त्याच्या बाजू इतक्या उंच होत्या की नेहमीचे दार बसविणेच अशक्य होते. म्हणून दार छपराला टांगावे लागले. १९७४ पासून विकल्या गेलेल्या लॅम्बोर्गिनी काउंटॅकची रुंदी मोठी आणि मागचे दिसणे कठीण. दार वर उचलले की चालकाला बाहेर डोकावून गाडी मागे घेता येई. याच मर्सिडीज कंपनीने २०१० च्या सुमारास एसएलएस ही तशाच दारांची मोटार काढली, तेव्हा गाडी उलटल्यास दारे सांगाड्यापासून सुटावीत म्हणून बिजागऱ्यांत स्फोटक बोल्ट बसविले. उलटलेल्या गाडीत वर जाणारे दार उघडत नाही, हे खुद्द निर्मात्यानेच ओळखले होते. आपल्या गॅरेजमध्ये मिळणाऱ्या संचात दाराचा डौल येतो. ही तरतूद येत नाही.

नेहमीचे दार पुढच्या खांबाला दोन बिजागऱ्यांनी धरलेले असते आणि मागच्या बाजूस कुलपाच्या खटक्याने दुसऱ्या खांबात अडकते. बाजूने धडक बसली तर दाराच्या आतील पोलादी दांडी तो आघात या बिजागऱ्यांतून व खटक्यातून दोन्ही खांबांकडे पोचविते. म्हणजे दार हे केवळ झाकण नव्हे. ते बंद असताना गाडीच्या तटबंदीचा भाग असते. संच बसविताना मूळ बिजागऱ्या काढल्या जातात, नवी बिजागरी बोल्टने किंवा वेल्डिंगने जोडली जाते, प्रसंगी पत्रा कापला जातो, वायरिंग लांबविले जाते. दाराचा सारा भार एका कंसावर आणि एका गॅस शॉकवर येतो. काळ आणि ऊन यांनी शॉकमधील दाब उतरला की दार अवचित खाली येते. बिजागरी झिजली की खटका आपल्या जागी नीट बसत नाही. चंद्रपूरच्या उन्हाविषयी येथील वाचकास निराळे सांगावयास नको.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच दाखवून दिले की पुष्कळसा खर्च उपयोगासाठी नव्हे, तर दिसण्यासाठी होतो. अशा खर्चावर बंदी घालावी, असे कोणताही समंजस अर्थशास्त्रज्ञ म्हणणार नाही. परंतु एकाच्या खर्चाचा भार, ज्याची संमती घेतलेली नाही अशा दुसऱ्यावर पडू लागला की ती बाब खासगी राहत नाही. राजुरा-गडचांदूर-कोरपना रस्त्यावर सिमेंटचे जड ट्रक, बंड्या आणि दुचाक्या एकाच पट्ट्यातून जातात. तेथे अपघात झाला तर त्या दाराशेजारी मालकाची आई असेल, भाचा असेल, वाटेत घेतलेला शेजारी असेल. त्यांच्यापैकी कोणालाही बिजागरीविषयी विचारलेले नसते. दार बाजूला ओढून जखमीस बाहेर काढू पाहणारा वाटसरूही अडखळेल. आनंद एकाचा आणि धोका अनेकांचा, असा हा व्यवहार आहे.

कायद्याची भूमिका याच तत्त्वावर उभी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ उचलून धरला. मात्र कायदा बदलाचा शत्रू नाही. मान्यताप्राप्त गॅस संच नोंदणी पुस्तकात नोंदवून बसविता येतो. अपंग व्यक्तीसाठी मंजुरी घेऊन वाहन अनुकूल करता येते. तेथे गरज आहे आणि तपासणीही आहे. येथे दोन्ही नाहीत. शिवाय न कळविलेल्या बदलावर बोट ठेवून विमा कंपनी भरपाईविषयी वाद उपस्थित करू शकते, हेही हौशी मालकाने विसरू नये.

२०१९ च्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या. अधिसूचित सुरक्षा-घटक नियमबाह्य रीतीने विकणाऱ्यास मात्र प्रत्येक घटकामागे एक लाख रुपयांचा दंड आहे. हा फरक योग्यच आहे. कारण माहिती विक्रेत्यापाशी असते आणि नफाही त्याच्याच पदरी पडतो. म्हणून रस्त्यावर तरुणांना अडवून पावत्या फाडण्यात समाधान न मानता परिवहन खात्याने हे संच विकणाऱ्यांकडे प्रथम पाहावे. दाराची बिजागरी या तरतुदीत येते की नाही, अशी शंका कोणी काढल्यास केंद्राने अधिसूचनेने ती निःसंदिग्धपणे दूर करावी.

त्या विद्यार्थ्यास आमचे उत्तर एवढेच : गाडी तुझी, पैसाही तुझा, परंतु तीत बसणाऱ्यांचा जीव तुझा नाही. हौस रंगात असावी, बैठकीच्या कापडात असावी, बिजागरीत नसावी.