आठाचा आकडा

व्यापाऱ्याच्या घरात तारखेला फार मान असतो. हुंडीची मुदत कधी भरते, जीएसटीचे विवरणपत्र कोणत्या दिवसापर्यंत द्यायचे, कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी किती दिवसांची झाली, हे आमच्या पिढीला वहीत पाहावे लागत नाही. ते जिभेवर असते. हळदीच्या अडतीवर बसून मला एकोणतीस वर्षे झाली. या काळात देण्याची एकही तारीख चुकली नाही, असे मी चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. वाचकहो, हा अभिमान गेल्या उन्हाळ्यात कसा उतरला, त्याची ही हकिगत.

आमच्या चिरंजिवांना अठरावे वर्ष लागून संपले आणि मोटारसायकलचा परवाना काढण्याचे ठरले. शिकाऊ परवान्याची संगणकावरील परीक्षा त्याने पहिल्याच प्रयत्नात दिली. त्यानंतर निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते. अर्ज कसा भरतात ते मी दाखवावे म्हणून त्याने कपाटातील माझा परवाना काढला. तो उलटसुलट पाहून म्हणाला, “पप्पा, हा तर दोन वर्षांपूर्वीच संपलाय.”

मी हसून कार्ड हातात घेतले. तारीख पाहिली आणि हसू मावळले. परवाना माझ्या पन्नासाव्या वाढदिवशी संपला होता. त्या दिवशी घरात साठ पाने उठली होती, व्याही मंडळी आली होती, फोटो काढले होते. कपाटातील या एका तारखेची आठवण मात्र कोणाला झाली नव्हती. त्यानंतरची दोन वर्षे मी रोज मोटारसायकलवरून मार्केट यार्डात गेलो, बँकेत गेलो, सौभाग्यवतींना मागे बसवून दवाखान्यात नेले. कायद्याच्या दृष्टीने हे सारे विनापरवाना!

चौकशी केली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. पूर्वी परवाना संपल्यावर पाच वर्षांपर्यंत चाचणीशिवाय नूतनीकरण होत असे. आता ती सवलत एकच वर्षाची आहे. वर्ष उलटले की पुन्हा चाचणी देऊन उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे बाप आणि मुलगा एकाच रांगेत.

धाकट्या बंधूंनी लगेच उपाय सुचवला. “दादा, कशाला उन्हात उभे राहता? ओळखीचा माणूस आहे. सही करून या, बाकीचे तो पाहील.” मी होकार देणार इतक्यात चिरंजिवांनी विचारले, “पप्पा, तुम्ही पहिल्यांदा परवाना काढला तेव्हा चाचणी कशी झाली होती?”

या प्रश्नाला खरे उत्तर एकच होते आणि ते मी आजवर कोणाला दिले नव्हते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वडिलांच्या ओळखीच्या एका मध्यस्थाने माझे कागद नेले आणि पंधरा दिवसांनी परवाना आणून दिला. मी मैदानात गेलोच नव्हतो. तेहेतीस वर्षे गाडी चालवली ती परीक्षा न देता. मुलासमोर हे कबूल केले आणि बंधूंना सांगितले, “राहू दे. या वेळी मी स्वतः जातो.”

मधल्या दिवसांत घरात एक गंमतच झाली. माझा परवाना संपलेला. चिरंजिवांचा शिकाऊ, त्यामुळे शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही मागे बसवण्याची त्याला मुभा नाही. घरात वैध परवाना उरला तो एकट्या सौभाग्यवतींचा. महिनाभर मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून यार्डात उतरत होतो. हमाल मंडळी तोंडावर हात धरून हसत. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, “अहो, माझ्या परवान्याची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. दुधाच्या हिशेबाशेजारीच.”

चाचणीच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर मैदानावर पोहोचलो. चाळिशी उलटलेल्यास लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र बरोबर होते, हेल्मेट होते, गाडीचे कागद होते. जमिनीवर पांढऱ्या रेषांनी आठाचा मोठा आकडा आखला होता. मोटार वाहन निरीक्षक एका बाजूला उभे होते. दोन्ही गोलांतून गाडी न्यायची. पाय जमिनीला लागता कामा नये, रेषा ओलांडता कामा नये, गाडी बंद पडता कामा नये. ऐकायला पोरखेळ वाटतो.

चिरंजीव आधी गेला. मान वर, गाडी सावकाश, जणू दोरीवर चालल्यासारखी. तो उत्तीर्ण झाला. मग माझी पाळी. पहिला गोल कसाबसा झाला. दुसऱ्या गोलात शिरताना गाडी आतल्या बाजूला कलली, मी घाबरून हँडल वळलेले असतानाच पुढचा ब्रेक दाबला आणि डावा पाय जमिनीवर टेकला. निरीक्षकांनी शिट्टी वाजवली. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, “किती वर्षे चालवताय?”

“तेहेतीस.”

“गाडी पळवता येते तुम्हाला. हळू चालवता येत नाही. सात दिवसांनी या.”

अनुत्तीर्ण झालेल्यास सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा अनुत्तीर्ण झाल्यास मात्र साठ दिवस थांबावे लागते. परतताना सौभाग्यवती स्कूटर चालवत होत्या, मी मागे होतो, चिरंजीव आपल्या गाडीवरून आमच्या पुढे. एक शब्द कोणी बोलले नाही. त्याबद्दल मी दोघांचा आजही आभारी आहे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी सौदे आटोपल्यावर यार्डातील मोकळ्या फरसबंदीवर मी विटा मांडून आठ आखला आणि सराव सुरू केला. तीनदा पाय टेकला. दुकानातून माल पोहोचवणारा आमचा मुलगा पोत्यांवर बसून पाहत होता. तो वीस-एकवीस वर्षांचा असेल. चौथ्यांदा पाय टेकला तेव्हा तो उठून आला. “शेठ, रागावणार नसाल तर सांगू? तुम्ही पुढच्या चाकाकडे बघताय.”

मग त्याने गाडी घेतली आणि तीन वेळा सलग आठ काढून दाखवला. वेग कमी असला की गाडी आपोआप तोल धरत नाही. तो हँडलच्या बारीक हालचालींनी आपणच धरावा लागतो. म्हणून क्लच अर्धा दाबून ठेवायचा, ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा, गती आवरायची ती मागच्या ब्रेकवर पाय हलका ठेवून. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला पडते. आणि नजर चाकाकडे नव्हे, वळणाच्या पुढे जिथे जायचे आहे तिथे ठेवायची; नजर जाते तिकडे गाडी जाते. हे सारे त्याने आपल्या भाषेत, चार वाक्यांत सांगितले. चार दिवसांत मला आठ जमू लागला.

पाचव्या दिवशी मी त्याला सहज विचारले, “तुझी चाचणी कुठे झाली?”

तो खाली पाहू लागला. त्याच्याजवळ परवानाच नव्हता.

दोन वर्षे तो माझ्या नावावरच्या गाडीवरून माझा माल पोहोचवत होता. कामावर ठेवताना मी विचारले होते, “गाडी येते का?” परवाना आहे का, हे विचारलेच नव्हते. आणि त्या क्षणी मला मागच्या पावसाळ्यातील एक सायंकाळ आठवली. ओल्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली होती. गुडघा फुटून रक्त वाहत होते, तसाच तो दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. त्याला पाहून माझ्या तोंडून निघालेले पहिले वाक्य होते, “माल सांडला नाही ना?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या संध्याकाळी रस्त्यावर दुसरा कोणी असता तर? विनापरवाना माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही कायदा जबाबदार धरतो. कलम १८० प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पण दंड हा हिशेबातील लहान आकडा. अशा अपघातात जखमी झालेल्या तिऱ्हाइताला विमा कंपनीने भरपाई दिली, तरी ती रक्कम नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा राहतो. मालकासाठी १५ लाख रुपयांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, त्यालाही वैध परवान्याची अट आहे. म्हणजे ती दोन वर्षे विम्याचा हप्ता मी वेळेवर भरत होतो आणि मला काही झाले असते तर घरच्यांना त्यातून काही मिळण्याची खात्री नव्हती. आणि त्या मुलाचे काय? त्याच्या घरी आई आणि शाळेत जाणारी बहीण आहे. त्यांचे खाते माझ्या कोणत्या वहीत होते?

सकाळी त्याला म्हणालो, “आजपासून तू गाडीला हात लावायचा नाहीस. परवाना मिळेपर्यंत माल हातगाडीने किंवा टेम्पोने जाईल.” त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटले, काम गेले. मग अडचण बाहेर आली. चालवण्याची भीती नव्हती. भीती होती ती संगणकावरच्या प्रश्नांची, कारण शाळा सातवीत सुटली होती. शिवाय कार्यालयात जायचे म्हणजे दिवसाचा पगार बुडणार. मी सांगितले, “पगार बुडणार नाही, शुल्क दुकान भरेल.” वाहतुकीची चिन्हे आणि नियम शिकवण्याची जबाबदारी चिरंजिवांनी आपणहून घेतली. दुपारच्या शांत वेळी दोघे गादीवर बसून प्रश्नोत्तरे करीत. मुनीमजीही मधूनमधून उत्तरे देऊ लागले आणि बहुतेक चुकू लागले.

सात दिवसांनी मी पुन्हा मैदानावर गेलो. मान वर ठेवली, दोन्ही गोल पूर्ण झाले, पाय टेकला नाही. निरीक्षकांनी काही न बोलता कागदावर सही केली. आयुष्यातील ही माझी पहिली चाचणी आणि तिचा आनंद, खरे सांगतो, दुकानाच्या पहिल्या सौद्याहून कमी नव्हता.

वाचकहो, आता आपल्याला तीन विनंत्या. येत्या रविवारी घरातील प्रत्येकाचा परवाना बाहेर काढून तारीख पाहावी. ज्यांचे वय पंचावन्न उलटले आहे त्यांचे नूतनीकरण एका वेळी पाचच वर्षांसाठी होते, हे विशेष ध्यानात ठेवावे. दुसरे, दुकानात गाडीची किल्ली ज्याच्या हाती देतो त्याच्या परवान्याची प्रत आपल्या फायलीत असावी. तिसरी गोष्ट थोडी कडू आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवणीसाठी स्कूटर देणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना बिनगिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्याच गाडीचा असतो. आपल्या दारातील स्कूटर बहुधा त्याहून मोठी असते. अल्पवयीनाकडून गुन्हा घडल्यास पालक किंवा गाडीचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होऊ शकते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मुलाच्या हट्टापुढे हे आकडे एकदा मांडून पाहावेत.

आमच्या दुकानातील त्या मुलाला गेल्या महिन्यात पक्का परवाना मिळाला. चाचणीत आठ त्याने इतका सफाईने काढला की रांगेतील मंडळी पाहत राहिली, असे चिरंजीव सांगतात. पोस्टाने आलेले कार्ड त्याने आधी मला दाखवले, मग खिशात ठेवले. त्याच सायंकाळी पाऊस आला. माल घेऊन तो परतला तेव्हा चिखलाने भरला होता आणि एक पोते ओले झाले होते. तो पायरीवरूनच सांगू लागला, “शेठ, हळद थोडी...”

मी म्हणालो, “हळदीचे राहू दे. तुला लागले नाही ना?”